गिळणक्षमता व स्नायुबल, वार्धक्यातील

स्नायूंचे वस्तुमान व बळ घटण्याच्या सार्कोपेनिया या विकारात हातापायांबरोबर जीभ व घशाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, आणि घास श्वासनलिकेत शिरून न्यूमोनियाचा धोका वाढतो. सार्कोपेनियावरील आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८, तर स्त्रियांत १८ किलोग्रॅमहून कमी असल्यास बळ क्षीण मानतात. गिळण्याची तपासणी घोटभर पाण्यापासून सुरू होऊन बेरियममिश्रित घासाच्या क्ष-किरण चित्रफितीपर्यंत जाते. ठसका नाही म्हणजे धोका नाही, हा घरोघरीचा समज चुकीचा आहे, कारण संवेदना मंदावल्यास अन्न खोकल्याविनाच श्वासमार्गात उतरते. उताणे झोपून, खांदे टेकलेले ठेवून डोके उचलण्याचा शेकर व्यायाम, पुरेशी प्रथिने व दाटसर पेय हे उपचार रुग्णागणिक ठरतात. पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठात गिळण्याचे विकारही हाताळणाऱ्या वाक्-श्रवणविज्ञानाचे शिक्षण दिले जाते.