टू-स्ट्रोक गाडी ‘फट्-फट्’ वाजतेय? सायलेन्सरचा नट आवळण्याआधी हे तपासा

जुनी लुना, आरएक्स १०० किंवा टू-स्ट्रोक स्कूटर आजही अनेक गावांत रोजच्या कामाला आहे. अशा गाडीत हमखास येणारी तक्रार म्हणजे ब्लॉक आणि सायलेन्सरच्या बेंड पाइपचा जोड गळणे. बरेच जण पाना घेऊन नट जोर लावून आवळतात. त्याने दोन दिवस आवाज बंद होतो, पण स्टड तुटला की छोट्या रिंगचं काम थेट लेथवर जातं. टू-स्ट्रोक एटीव्हीलाही पुढची पद्धत लागू पडते.

गळती कशी ओळखाल?

- जोडाभोवती काळा, चिकट तेलकट डाग
- रेस दिल्यावर ‘फट्-फट्’ किंवा ‘चिक्-चिक्’ आवाज
- चढावर गाडी ओढत नाही
- धूर मागून येण्याऐवजी पायाजवळ येतो

खात्री करायची तर इंजिन थंड असताना, स्विच बंद ठेवून जोडावर साबणाचं पाणी लावा. एकाने मागचं तोंड कापडाने दाबून धरायचं, दुसऱ्याने सावकाश किक मारायची. बुडबुडे आले तर गळती तिथेच आहे.

ओढ का कमी होते?

टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सायलेन्सरमधून उलट येणारा दाब बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलतो. जोड गळका असला की हा दाब कमी पडतो. म्हणजे इथे सायलेन्सर फक्त आवाज कमी करत नाही, इंजिनच्या ताकदीतही त्याचा वाटा असतो.

मूळ कारण बहुतेक वेळा मागे असतं

सायलेन्सरचा मागचा क्लॅम्प तुटला किंवा नट पडला की सगळं वजन पुढच्या जोडावर येतं. खड्ड्यात पाइप हलतो आणि रिंग चेपते. म्हणून आधी मागचा क्लॅम्प, त्याचं रबर आणि नट बघा. ते तसंच ठेवून नवीन रिंग टाकली तर तीही टिकणार नाही.

दुरुस्ती अशी करा

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. नट गंजले असतील तर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

२. आधी मागचा क्लॅम्प सैल करा, मग पुढचे नट खोला. नट अडला तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. थोडा पुढे, थोडा मागे फिरवा. तरी हलला नाही तर मिस्त्रीकडे न्या.

३. किक हाताने दाबून पिस्टन वर आणा, म्हणजे धूर निघायचं भोक झाकलं जाईल. मग जुनं पॅकिंग काढा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करून काढा आणि धूळ अडवणारा योग्य मास्क लावा. जागा स्वच्छ पुसा, कार्बनचे तुकडे आत जाऊ देऊ नका.

४. गाडीच्या मापाची नवीन रिंग टाका. निव्वळ तांब्याची जुनी रिंग चांगली असेल तर ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. ती मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

५. पाइप सरळ बसवा. दोन नट असतील तर आधी हाताने लावा, मग पान्याने एक थोडा हा, थोडा तो, असे समान आवळा. गोल चुडीचा नट असेल तर आटे सरळ धरलेत का ते पाहूनच फिरवा.

६. मागचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी आवळा. तो आधी आवळला तर पाइप तिरका ओढला जातो.

७. पाच-दहा मिनिटं गाडी चालवा, थंड होऊ द्या आणि पुढचे नट पुन्हा एकदा बेताने आवळा.

हे टाळा

एमसील किंवा साधं सिलिकॉन या जोडावर टिकत नाही, उष्णतेने जळून जातं. पाइपलाच चीर असेल तर रिंग बदलून उपयोग नाही. पाइप काढून वेल्डिंगवाल्याकडे न्या, पेट्रोल असलेल्या गाडीवर वेल्डिंग करू नका. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे गेले असतील तर लेथवर नवीन आटे पाडून घ्यावे लागतात.

ऑइल जास्त टाकल्यानेही काळं पाणी गळतं. गाडीच्या पुस्तकात २ टक्के लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, त्यापेक्षा जास्त नाही.

जिवाची काळजी

गळका जोड असलेली गाडी बंद पडवीत किंवा गोठ्यात चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डोकं दुखलं, चक्कर आली की लगेच मोकळ्या हवेत या. बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा. तपासणी नेहमी अंगणातच करा.