रुळाबाहेरचा एक हात

खानदेशातल्या बोदवडचे स्टेशन ऐन गावात नाही, नाडगावच्या अंगाला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली शाखा 1867 मध्ये नागपूरला पोचली. तेव्हापासून आगगाडी आणि गाव यांच्यामधली वाट बैलगाड्यांनी तुडवली. कापसाने लादलेल्या गाडीची लोखंडी धाव खडी दळत जाते. चाकोरी पडते, पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. असा रस्ता दुरुस्त कोणी करायचा? त्या काळच्या कायद्यांत या प्रश्नाचे उत्तर पैशांच्या हिशेबात दिलेले आहे.

मुंबई इलाख्याच्या 1869 च्या तिसऱ्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. आण्याच्या बारा पैंपैकी साधारण आठ रस्त्यांसारख्या कामांना आणि चार शाळांना, अशी वाटणी होती. 1884 च्या कायद्याने हा फंड जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डांच्या हाती आला. बोदवड तेव्हा भुसावळ तालुक्यात होते. म्हणजे लोकल फंडाच्या रस्त्यावरची खडी खानदेशच्या शेतकऱ्याने साऱ्याबरोबर आधीच भरलेली असे.

मुंबईत त्याच सुमारास रस्त्याला नवा भागीदार मिळाला. 1874 च्या पहिल्या कायद्याने परवानगी मिळाली आणि 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी अशा घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते. रस्ता सार्वजनिक, रूळ कंपनीचे, आणि घोड्यांच्या टापा दोन रुळांच्या मधोमध. मग झिजलेल्या भागाचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा?

विलायतेच्या 1870 च्या ट्रामवे कायद्याने हे मोजून सांगितले होते. रुळाचा माथा रस्त्याशी समतल हवा. रस्ता उकरण्याआधी रस्त्याच्या अधिकाऱ्याला सात दिवसांची नोटीस हवी. उकरलेल्या जागी रात्री दिवा हवा. रुळांमधला सगळा भाग आणि दोन्ही बाजूंना बाहेर अठरा अठरा इंच कंपनीने कायम दुरुस्त ठेवायचे. अठरा इंच म्हणजे आपल्याकडचा एक हात. लोखंड आणि दगड भेटतात तिथेच खडी आधी सुटते. म्हणून रुळाच्या कडेपाशी न थांबता जबाबदारी हातभर पुढे नेली. शिवाय एकवीस वर्षांनी ट्राम विकत घेण्याचा हक्क स्थानिक संस्थेला राखून ठेवला.

हिंदुस्थानचा ट्रामवे कायदा 1886 मध्ये झाला, आणि त्यातल्या स्थानिक संस्थेच्या व्याख्येत शहरांच्या कमिट्यांबरोबर जिल्हा बोर्डेही बसली. नाडगावहून बोदवडपर्यंत लोकल फंडाच्या रस्त्यावर कोणी रूळ टाकायला आला असता, तर सरकारी हुकमाआधी त्याला बोर्डाची संमती आणावी लागली असती. मुंबईच्या प्रश्नाला खानदेशात दार होते ते असे.

स्टेशन गावाबाहेर असण्याची हीच अडचण नाशिकला होती. तिथे शहरापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता होते. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच. मुंबईत 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली, 7 ऑगस्ट 1947 ला महापालिकेने सगळा कारभार आपल्याकडे घेतला आणि 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम थांबली.

बोदवडला ट्राम आली नाही. त्यामुळे इथल्या रस्त्याला रुळांमधला भाग कधी लाभला नाही, आणि बाहेरचा तो एक हातही नाही. या काठापासून त्या काठापर्यंत सगळी रुंदी एका आण्यातल्या आठ पैंवर राहिली.