घोडा कोणाचा, नुकसान कोणाचे

‘शिलेदार’ हा शब्द आजच्या मराठीत निव्वळ स्तुतिवाचक होऊन बसला आहे. साताऱ्या-सांगलीकडे निवडणुका आल्या की प्रत्येक नेत्याभोवती शिलेदार जमतात, आणि वाङ्मयीन चळवळींच्या इतिहासातही त्यांची वाण नाही. निष्ठा, शौर्य, विश्वासूपणा एवढाच अर्थ आता त्या शब्दात उरला आहे. मूळ अर्थ मात्र हिशेबाचा होता. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. दोघेही लढत आणि दोघेही मरत. घोडा मेला तर तो कोणाच्या खात्यावर मेला, एवढाच काय तो फरक.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिलेली बखर आपण शिवचरित्राचे साधन म्हणून वाचतो. तिच्यातला लष्कराच्या व्यवस्थेचा भाग विद्यार्थी बहुधा चाळून पुढे जातात. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला एक पखालची आणि एक नालबंद, अशी ती कोरडी मांडणी आहे. शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले होते, हेही त्यातच येते. ज्याचा घोडा त्याचाच, तो उद्या घोड्यासह निघून जाऊ शकतो. सरकारी घोड्यावरचा माणूस तसा जाऊ शकत नाही. पागेवरचा भर केवळ लष्करी सोयीसाठी नव्हता, हे एवढ्यावरून दिसते.

परंतु आम्हांला त्या भागातली याद्यांची हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीस निघताना लहानथोर प्रत्येकाच्या जवळच्या वस्तूंची यादी होई. वैशाखात परतताना सरहद्दीवर झडती घेऊन ती यादी पुन्हा काढली जाई. यादीपेक्षा जे अधिक निघेल त्याची किंमत त्या माणसाच्या येणे असलेल्या वेतनातून वजा होई. फार मोलाची चीज सरकारात जाई. म्हणजे लुटीचा हिशेब वेतनाच्या खात्यावरच मिटवला जाई. वर्षअखेर हाती काय पडेल, हे शिपायाच्या तलवारीइतकेच कारकुनाच्या लेखणीवरही अवलंबून असे.

सभासदाच्या या उताऱ्यात राज्याला काय मिळाले पाहिजे, एवढीच बाजू दिसते. दुसरी बाजू वाचायला मिळते ती ग्रँट डफच्या ग्रंथात. मराठी राज्य बुडाल्यावर १८१८ पासून काही वर्षे तो साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता. प्रतापसिंह महाराजांच्या दरबाराजवळ राहून त्याने कागद जमवले आणि १८२६ साली लंडनला आपला इतिहास छापला. तो सांगतो की, ही यादी शिपायाचे गेलेले भरून देण्यासाठीही होती. स्वाराची वस्तू सरकारी चाकरीत नाइलाजाने गेली हे त्याने पटवून दिले, तर ती बदलून मिळे. ग्रँट डफच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती बव्हंशी योग्यच आहे. येथे मात्र त्याची नजर दरबारी लेखकाहून अधिक शिपायाच्या बाजूची ठरते. तो स्वतः मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीतला अधिकारी होता. शिपायाच्या पगारातून काय काय कापले जाते, हे त्याने रोज पाहिले असणार. हा अर्थात आमचा तर्क. मात्र ‘पटवून दिले तर’ ही अट विसरता येत नाही. रणात पडलेल्या घोड्याची साक्ष आणायची कोठून?

चिपळूणच्या छावणीस शिवाजीमहाराजांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्राचा आपण रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी गौरव करतो. त्यात दाणागोटा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हेही बजावले आहे. मालमत्तेच्या हानीची जबाबदारी माणसावर ठेवण्याची ही भाषा वेतनवजावटीच्या याद्यांना फार जवळची आहे.

पेशवाईत हे ओझे सरंजामदाराकडे सरकले. सांगलीकर पटवर्धनांकडे मुलूख होता तो ठरलेले स्वार बाळगण्यासाठी. घोडे मेले, स्वार पळाले, तरी गणतीला आकडा भरावा लागे. इंग्रजांनी १८१९ च्या कराराने हीच अट पुढे चालवली, तेव्हा चिंतामणराव आप्पासाहेबांनी स्वार देण्याऐवजी वार्षिक १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. याचे स्पष्टीकरण सहसा स्वाभिमानाने केले जाते. तो होताच. पण मुलूख एकदा देऊन मोकळे होता येते. घोडे दरसाल मरतात.

इंग्रजांनी आपला शब्दही उचलला. त्यांच्या हिंदी रिसाल्यांत ‘सिल्लादार’ पद्धत चालू झाली; १८१७ साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या रिसाल्यातही ती होती. स्वार भरती होताना घोड्या-सरंजामासाठी रक्कम भरी, आणि घोडा मेला तर नवा घेता यावा म्हणून सर्वांच्या पगारातून दरमहा चंदा कापला जाई. नुकसान एकाचे, वजावट सर्वांची. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मेले की चंदा पुरा पडणे शक्य नव्हते, आणि १९२१ च्या सुमारास ती पद्धत मोडीत निघाली.

त्याच युद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले. आज ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. पायदळातल्या अशा शिपायाची बंदूक सरकारची, गणवेश सरकारचा. जुन्या भाषेत बोलायचे तर हे सारे बारगीर, शिलेदार नव्हेत. आणि बारगीर कोणाच्या भाषणात येत नाही. स्वतंत्र भारताच्या १९५० च्या लष्करी कायद्यानेही जवानाला बारगीरच मानले आहे. त्याच्याकडून सरकारी मालमत्तेची हानी झाली तर कमांडिंग अधिकारी ठरवील ती भरपाई ९१ व्या कलमाप्रमाणे पगारातून वजा होते. अशा वजावटी एका महिन्यात साधारणतः निम्म्या पगाराच्या वर जाऊ नयेत, हे ९४ वे कलम सांगते. ८९ वे कलम मात्र चंद्याची आठवण करून देते. तुकडीचे एखादे हत्यार हरवले वा चोरीला गेले, तर चौकशीनंतर त्या तुकडीतल्या जबाबदार धरलेल्या सर्वांवर सामूहिक दंड बसवता येतो, आणि तो प्रत्येकाच्या पगाराच्या टक्केवारीने आकारला जातो.