‘बहुतेक’ या शब्दाचे गणित

१/ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास भेटतो. शंभर घरांपैकी ७० घरी गाय आहे, ४५ घरांच्या आवारात विहीर आहे. तर दोन्ही असलेली घरे कमीत कमी किती? उत्तर १५. ७० + ४५ − १००, इतकेच. या साध्या वजाबाकीवरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या दोन विद्वानांत मोठे रण माजले, आणि त्यातून तर्कशास्त्राची दिशाच पालटली.

२/ ॲरिस्टॉटलप्रणीत तर्कशास्त्राजवळ मापे दोनच होती : ‘सर्व’ आणि ‘काही’. ‘काही विद्यार्थी खेळाडू आहेत, काही विद्यार्थी गायक आहेत’ यांवरून कोणताच निष्कर्ष निघत नाही, हे खरेच. पण ‘काही’च्या जागी ‘निम्म्याहून अधिक’ घालून पाहा. आता निदान एक तरी खेळाडू गायक असलाच पाहिजे. ‘विद्यार्थी’ हे मध्यपद दोन्ही विधानांत अव्याप्तच राहिले, म्हणजे जुना नियम मोडला; निष्कर्ष मात्र अटळ. जर्मन गणिती लाम्बर्ट यांनी अठराव्या शतकातच हे हेरले होते, पण परंपरा ढिम्म हलली नाही.

३/ ती हलवली ऑगस्टस डी मॉर्गन यांनी. जन्म १८०६, मदुराई. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात. तान्हेपणीच एक डोळा गेला. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ते लंडनच्या नव्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १८४७च्या ‘फॉर्मल लॉजिक’ या ग्रंथात त्यांनी जे मांडले, त्याचे सार असे : समूहात श जण, त्यांतले निदान म खेळाडू, निदान न गायक, तर दोन्ही असणारे ≥ म + न − श. कारण उघड आहे. श खुर्च्यांवर म + न बिल्ले ठेवायचे, तर श च्या वरचे बिल्ले कोणाच्या तरी खुर्चीवर दुसऱ्यांदाच पडणार. बेरीज श हून मोठी नसेल, तर तर्काने मौन पाळावे. ‘सर्व’ म्हणजे केवळ म = श. जुनी रीत खोटी ठरली नाही. ती या असमानतेचे एक टोक ठरली.

४/ एडिंबरोचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांनी मात्र वाङ्मयचौर्याचा आरोप केला. विधेयपदालाही ‘सर्व’, ‘काही’ ही परिमाणे लावण्याची कल्पना आपली, आणि डी मॉर्गन यांनी ती आपल्या पत्रांतून उचलली, असे त्यांचे म्हणणे. वस्तुतः हॅमिल्टन शब्दांना शेपट्या जोडत होते, डी मॉर्गन मोजत होते. दोन्ही एकच मानणे कठीण आहे. शिवाय गणिताने बुद्धीला वळण लागते हेच हॅमिल्टन यांना मान्य नव्हते, त्यामुळे वाद मानापमानाचा कमी आणि ‘तर्कशास्त्र कोणाचे’ याचा अधिक होता.

५/ हे भांडण लिंकन येथे शाळा चालवणारे एक गृहस्थ लक्षपूर्वक पाहत होते : जॉर्ज बूल. या वादामुळेच आपण जुन्या विचारांकडे पुन्हा वळलो, असे त्यांनी १८४७च्या आपल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत नमूद केले. १८५४च्या ग्रंथात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. दोन्ही गुण असणाऱ्यांची संख्या त्या वजाबाकीखाली जाऊ शकत नाही, तशीच दोन संख्यांतल्या लहान संख्येवरही चढू शकत नाही. कोणी सांगितले की ७० घरी गाय, ४५ घरी विहीर, पण दोन्ही फक्त १० घरी, तर गावात न जाताही ही तिन्ही विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत हे कळते. साक्ष तपासण्याचे एवढे स्वस्त साधन दुसरे नसेल.

६/ १८८५च्या ‘अ टँगल्ड टेल’मध्ये लुईस कॅरोल यांनी हेच कोडे जखमी सैनिकांवर घातले. ७० टक्क्यांनी डोळा गमावला, ७५ टक्क्यांनी कान, ८० टक्क्यांनी हात, ८५ टक्क्यांनी पाय. चारही गमावलेले किमान किती? (एका डोळ्याचे डी मॉर्गन १८७१ मध्येच निवर्तले होते.) शंभर जणांत जखमा ३१०. प्रत्येकाला तीनच दिल्या तर ३०० संपतात. उरलेल्या १० जखमा दहा जणांच्या वाट्याला चौथी म्हणून येतात.