अंग भरून आल्यावर ‘क्वार्टर’: थकवा जातो की तयारी मागे पडते?

कडेगाव तालुक्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी मुले रोज दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्याची. टेंभूच्या पाण्याने तालुक्यात ऊस वाढला, तशी फडातली आणि भरणीची कष्टाची कामेही वाढली. संध्याकाळी मांड्या-पोटऱ्या भरून आल्या की कोणीतरी सांगतेच, “थोडी घे, अंग मोकळं होतं.” या सल्ल्यात तथ्य किती, हे आम्ही येथे मांडत आहोत.

अंग का भरून येते?

सवय नसलेला व्यायाम, उतारावरची धाव, बैठका, जड ओझे उतरवणे यांत स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. ‘लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून दुखते’ हा समज चुकीचा आहे. ते साधारण तासाभरात निघून जाते. दुरुस्तीसाठी शरीराला प्रथिने, पाणी आणि झोप लागते. दारू या तिन्हींत अडथळा आणते.

एका क्वार्टरचा हिशेब

१८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असेल, तर शुद्ध अल्कोहोल सुमारे ६० ग्रॅम भरते. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाला दर किलोमागे १ ग्रॅम.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच मात्रा वापरली होती. ११ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूंना जबर व्यायाम दिला. एका पायाच्या व्यायामानंतर संत्र्याच्या रसातून व्होडका दिली, दुसऱ्या पायाच्या वेळी नुसता रस. दुखणे दोन्ही वेळा जवळपास सारखेच होते, पण दारूनंतर त्या पायाची ताकद अधिक घटली. पुढे निम्म्या मात्रेच्या प्रयोगात असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण आपल्याकडे क्वार्टर फोडल्यावर निम्म्यावर थांबणारे किती?

ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या अभ्यासात आठ पुरुषांना व्यायामानंतर दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिले. सोबत पुरेशी प्रथिने देऊनही स्नायूंत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग २४ टक्क्यांनी कमी भरला. हे दोन्ही अभ्यास लहान आहेत, पण दोन्हींचा रोख एकच आहे: दुखणे कमी वाटले म्हणून स्नायू सावरला असे होत नाही.

रात्रीची दारू, पहाटेची धाव

दारू लघवी वाढवते, त्यामुळे घामाने गेलेले पाणी भरून निघत नाही. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती सारखी मोडते. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. त्यामुळे रात्री १० वाजता संपवलेली क्वार्टर पहाटे ५ च्या धावेलाही पूर्ण उतरलेली नसू शकते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि मुलांच्या १६०० मीटर धावेला त्यातले २० गुण असतात. एकेका गुणावर निवड हुकते, तिथे ही किंमत परवडणारी नाही.

मग करावे काय?

- सरावानंतर तासा-दोन तासांत उसळ-भाकरी, दूध, अंडी किंवा शेंगदाणे खावेत. पाणी, ताक भरपूर प्यावे.
- दुसऱ्या दिवशी पडून राहू नये, हलके चालावे. सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा.
- दारूसोबत वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलने यकृताला धोका असतो.
- असह्य दुखणे, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली तर तातडीने दवाखाना गाठावा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते.
- वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. थरथर, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो. त्यातील ‘प्रमाद’ या शब्दाचा अर्थ बेसावधपणा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळायला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण “थकवा जातो” म्हणून ग्लास पुढे करणाऱ्या मित्राला उत्तर देताना हा हिशेब हाताशी असावा. गावात सरावाचा गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मैदानावरच मुलांना सांगावा, आणि फडातून दमून येणाऱ्या आपल्या माणसांनाही.