बैरंग पत्रांचा नवा अवतार

गेल्या दिवाळीत मालवणला घरी गेलो होतो. फराळाची ताटे उचलली गेली होती, ओटीवर पानसुपारी चालली होती, आणि आमच्या काकी हातातल्या मोबाइलशी भांडत होत्या. "मी त्येका कितीदां बंद केलंय, तरी मेलो येताच हा!" असे म्हणून त्यांनी ते यंत्र माझ्या पुढ्यात ठेवले. एका साड्यांच्या दुकानाची ई-मेल रोज येत असे. काकींनी पाठवणाऱ्याला ब्लॉक केले होते, एकदा नव्हे, चारदा. पाहतो तो दुकान एकच, पण पत्ते चार निराळे!

काकींच्या या तक्रारीला इतिहास आहे, आणि तो टपालाच्या थैलीतून सुरू होतो.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे तिकीट सुरू झाले. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र मुंबईहून मालवणला जावो की कलकत्त्याला, दर एकच. तिकीट न लावता टाकलेले पत्र ते 'बैरंग'. त्याचा आकार दुप्पट, आणि तो घेणाऱ्याच्या माथी! परंतु घेणाऱ्याच्या हाती एक शस्त्र होते. १८९८ च्या टपाल कायद्याप्रमाणे पत्र न उघडता तसेच परत केले की आकाराचा बोजा पाठवणाऱ्यावर उलटे. नको असलेल्या पत्राला उंबऱ्यावरूनच वाटेला लावण्याची ही सोय होती.

अर्थात निनावी पत्रांपुढे तीही लंगडी पडे. देवाच्या नावाने येणारी ती साखळी कार्डे जुन्या वाचकांना आठवत असतील. "इतक्या प्रती काढून इतरांना धाडा, न धाडल्यास अनिष्ट होईल," असा मजकूर, आणि खाली नाव ना गाव. परत कुणाला करणार? तरीही त्या पुराला एक बांध होता. प्रत्येक कार्डाला पैसे पडत आणि प्रत्येक प्रत हाताने लिहावी लागे. भक्ताचीही बोटे दुखतातच!

ई-मेलने हा बांध फोडला. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला, तेव्हा हे जाळे मूठभर परिचितांचे होते. तरी जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञाने १९७५ सालीच लिहून ठेवले, की नको असलेले निरोप नाकारण्याची सोय या व्यवस्थेत नाही. त्याचे भाकीत खरे ठरायला तीन वर्षेही लागली नाहीत. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एका दमात सुमारे ४०० जणांना पाठवली. लोक चिडले, पण वाट पडली ती पडलीच. मौज अशी, की १९८२ साली ई-मेलचे नियम घालून दिले ते याच पोस्टेलने, आणि त्यांतही पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानण्याची रीत राहिली. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचेही नाव लिहावे, तसेच हे. म्हणून एक नाव अडवले की दुसरे नाव दारात उभे! धाडणाऱ्याला खर्च जवळजवळ नाही. निवडण्याचा, पुसण्याचा त्रास मात्र घेणाऱ्याला. बैरंग पत्रच ते. फक्त परत करण्याची सोय गेलेली.

नावावर भरवसा ठेवू नये हे आमच्या किनाऱ्याला पूर्वीच ठाऊक होते. सिंधुदुर्गाच्या तटावरून जो समुद्र दिसतो, त्यावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपला परवाना मागत. त्याला ते 'कार्ताझ' म्हणत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तके चालवली. ही सत्तेची जबरदस्ती होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्यामागची समजूत पक्की होती. डोलकाठीवरचे फडके क्षणात बदलता येते. शिक्क्याचा कागद तितक्या सहज बदलत नाही.

ई-मेलच्या जगाला ही अक्कल फार उशिरा आली. पत्र खरोखर त्याच घरातून निघाले की नाही, हे तपासणाऱ्या खुणा गेल्या वीस वर्षांत हळूहळू रूढ झाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या कंपन्यांनी घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना या खुणा सक्तीच्या केल्या. शिवाय जाहिरातीच्या पत्रांत एका टिचकीसरशी नाव कमी करण्याची सोय असलीच पाहिजे आणि ती विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे, असा दंडक घातला.

हे सारे काकींना सांगून मी त्यांचा मोबाइल हाती घेतला. दुकान ओळखीचे, काकींनीच कधी काळी तिथे पत्ता दिलेला. म्हणून 'अनसबस्क्राइब' दाबले. चारही पत्त्यांत '@' या चिन्हापुढचा भाग एकच होता. तेवढ्यावर नियम लावून ठेवला, की तिथून येईल ते थेट केराच्या टोपलीत. अनोळखी पत्रांना मात्र हा उपाय करू नये, हेही सांगितले. तिथे दुवा दाबणे म्हणजे घरात माणूस आहे अशी हाक देणे! त्यांना मुकाट्याने 'स्पॅम' म्हणून दाखवावे. म्हणजे टपाल सांभाळणारे यंत्रही पुढे तसली पत्रे ओळखू लागते.

भाऊबीजेपर्यंत दुकानाचे एकही पत्र आले नाही. निघताना काकींना विचारले, तर म्हणाल्या, "आता कसा बरा वाटता! पण साडयो बरे होते हां त्येचे."