'टिआरा' : नाम आणि वस्तू

नामाचा इतिहास तोच वस्तूचा इतिहास, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. 'टिआरा' हे त्याचे बोलके उदाहरण होय. हेरोडोटसच्या ग्रंथात हा शब्द इराणी लोकांच्या मऊ टोपीस उद्देशून येतो; ती ताठ उभी धारण करण्याचा अधिकार केवळ राजाचा, असे झेनोफन नमूद करतो. 'डिआडेमा' ही मात्र मस्तकाभोवती बांधावयाची पट्टी. 'बांधणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते नाम सिद्ध झाले. इराण जिंकल्यावर अलेक्झांडरने पट्टी स्वीकारली, उभी टोपी नव्हे; पुढील ग्रीक राजांचे तेच राजचिन्ह ठरले. नेपोलियनच्या १८०४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास युरोपीय राजस्त्रियांत रूढ झालेला रत्नजडित शिरोभूषणाचा प्रकार आकाराने या पट्टीचा वारस आहे. नाम मात्र त्यास टोपीचे लाभले. म्हणून केवळ शब्दावरून त्याचे मूळ टोपीत शोधणे युक्त नव्हे.